केटलच्या कातळावरच्या लगोऱ्या

केटलच्या सायकलवाटेच्या तोंडाशी त्या शनिवारी सकाळी एक गाडी आधीच उभी होती, सपाट मुलखातल्या नेब्रास्काच्या नंबरपाटीची. ती दिसल्याबरोबर थेनचा चेहरा आंबट झाला.

"आला आणखी एक सपाटीवाला," तो म्हणाला. आपली गाडी त्याने मुद्दाम लांब, ज्युनिपरच्या झुडपाला खेटून लावली. जणू त्या गाडीचा शेजारसुद्धा नको.

ब्रीनाचं लक्ष घड्याळाकडे होतं. एडा झाल्यापासून सात महिन्यांत ती पहिल्यांदाच एवढ्या लांबच्या वाटेला सायकल घेऊन निघाली होती. सासूबाईंच्या, म्हणजे मार्वाच्या, फ्रिजमध्ये दुधाच्या तीन बाटल्या ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर वेळ लिहून. एक वाजेपर्यंत येतो, हे तिने दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना मार्वाने डोळे मिटून घेतले होते. "ब्रीना, मी पाच वाढवलीत. त्यातल्या एकाशी तू लग्न केलंस, म्हणजे फार काही बिघडली नसणार."

गाडीमागून एक म्हातारा सायकल ढकलत पुढे आला. सत्तरीचा असेल. सडसडीत, गुडघ्यांवर जुने वण, सायकलही त्याच्याच वयाला शोभेशी, मुठींना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. त्याने हेल्मेटला हात लावून राम राम केल्यासारखं केलं.

"इथलेच का तुम्ही? मी आर्लिस. मला सांगा, मधे तो चार किलोमीटरचा उघडा कातळ आहे म्हणतात. तिथे वाट सापडते ना? माझ्या पुस्तकात लिहिलंय, दगडांच्या लगोऱ्या रचल्यात, एकीपासून दुसरी दिसते."

"हो, आहेत की," ब्रीना म्हणाली. अडीच वर्षांपूर्वी ती आली होती तेव्हा होत्या. कातळावर चाकाची खूण उमटत नाही. तिथे त्या दगडावर दगड ठेवलेल्या लगोऱ्या म्हणजेच वाट.

थेन खाली बसून टायरची हवा बघत होता. त्याने मान वर केली नाही. "सावकाश जा म्हणजे झालं," एवढंच बोलला.

"सावकाशच जातो मी. माझ्यात दुसरा गिअर नाही," म्हातारा हसला आणि निघाला. ते दोघं निघाले त्याच्यानंतर वीस मिनिटांनी.

पहिले दोन तास ब्रीनाला फक्त आपलं शरीर होतं. वाट म्हणजे जेमतेम हातभर रुंद, कुठे वाळू, कुठे गुडघ्याएवढ्या पायऱ्या, कुठे कोरड्या ओढ्याचे गोटे. वर्षातून पन्नास माणसं जात असतील नसतील. पुढचं चाक दगडावर चढवताना हात थरथरत, मांड्या पेटत, आणि एकदा वळणावर तोल गेला तेव्हा तिने पाय टेकला तो वाटेबाहेर, काळी खपली धरलेल्या मातीवर.

"पाय," थेन मागून ओरडला. "ब्रीना, पाय. ती माती जिवंत असते. पन्नास वर्षं लागतात परत धरायला."

"माहीत आहे मला. सातवीच्या मुलांना मीच शिकवते ते."

"मग टेकवतेस कशाला?"

बरोबरच होतं त्याचं. या वाटेवर त्याचा जीव होता. सासरे व्हर्ल आणि त्यांचे दोन मित्र यांनी तिशीत असताना ही वाट शोधली, जुन्या गुरांच्या पायवाटा आणि युरेनियमच्या खाणवाल्यांचे रस्ते जोडत जोडत. थेन तिच्यावरच सायकल शिकला. त्या घरात वाटेविषयी असं बोलत जसं दुसऱ्या घरांत एखाद्या आजारी काकूविषयी बोलतात, हळू आवाजात आणि बाहेरच्यांना काही कळू न देता.

ओढ्याच्या वाळूत आर्लिसच्या टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती. मधे एकदा तो उतरून चालला होता, तेही दिसत होतं. ब्रीनाला वाटलं, कातळाआधीच गाठू त्याला.

त्याला गाठायच्या आधीच कातळ आला. लांबच लांब, फिकट तांबडा, म्हशींचा कळप पाठी वर करून बसावा तसा. चढ, उतार, खळगे, पुन्हा चढ. उजव्या अंगाला कुठेतरी तो संपतो आणि थेट खाली दरी लागते, पण कुठे संपतो ते जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

आणि लगोरी एकही नव्हती.

तिला आधी वाटलं, आपल्यालाच दिसत नाही. डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. थेन मात्र न थांबता पुढे गेला, एका काळ्या डागापाशी डावीकडे, मग दुभंगलेल्या ज्युनिपरकडे, मग दोन टेंगळांच्या मधून, घरातल्या अंधारात माणूस पाणी प्यायला उठतो तसा सहज. ती त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून ओढली गेली. मधेमधे दगड विखुरलेले दिसत होते, वर फिकट आणि खाली काळपट, म्हणजे नुकतेच उलटे पडलेले.

"थेन. लगोऱ्या कुठे गेल्या?"

"वारा असेल."

"चार-चार किलोचे दगड वारा नेतो?"

"इथला वारा तू बघितला नाहीस. तू उत्तरेकडची, ऑग्डेनची."

"थेन, थांब जरा."

तो थांबला, पण एक पाय पेडलवरच. "गेल्या शनिवारी साफ केलं आम्ही. डॅड, मी, बॅरेट आणि त्याचा भाऊ. सायकलवाटांच्या त्या ॲपवर कुणीतरी वाट टाकली, ठाऊक आहे तुला. सप्टेंबरात एका दिवसात अकरा गाड्या होत्या. अकरा. ज्याला वाट माहीत आहे त्याला दगडांची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याने इथे यायची गरज नाही. एवढं साधं आहे."

हे वाक्य त्याचं नव्हतं. व्हर्लच्या जेवणाच्या टेबलावर मक्याच्या कणसांबरोबर ते किती वेळा वाढलं गेलं होतं. तेव्हा तिला ती म्हाताऱ्यांची कुरकुर वाटायची.

"सकाळी त्याने तुला विचारलं. तोंडावर विचारलं."

"तूच म्हणालीस ना आहेत म्हणून."

"मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू टायर दाबत बसलास."

"मी सांगितलं त्याला, सावकाश जा."

राग आला की तिचे कान आधी गरम होत. त्या क्षणी तिला हेल्मेट काढून फेकावंसं वाटलं, तेही त्याच्या दिशेने. पण म्हातारा पुढे होता. आधी त्याला गाठायला हवं होतं. ती एवढंच म्हणाली, "चल."

कातळ संपला तिथे पुन्हा वाळू. मऊ, पिवळी, सकाळच्या वाऱ्याने सारवल्यासारखी. तिच्यावर एका सरड्याची शेपटी ओढत गेलेली खूण होती, पाखरांची पावलं होती.

टायरची खूण नव्हती.

ब्रीना सायकलवरून उतरली. वाकून इकडून तिकडे चालत गेली, परत आली. घड्याळात पावणेअकरा झाले होते. वाळूतून दुसरी वाट नव्हती, दोन्ही बाजूंना भिंती.

"तो इथून गेलेला नाही," ती म्हणाली.

"परत फिरला असेल."

"मग आपल्याला समोर भेटला असता. आपण त्याच वाटेने आलो."

"बसला असेल कुठे सावलीत. ब्रीना, तुला एक वाजता घरी पोचायचंय. तूच सकाळपासून जप लावलायस."

हे त्याने बोलायला नको होतं. तिच्या छातीत दूध भरून आलं होतं, दुखत होतं, आणि तिच्या लेकीचं नाव पुढे करून हा माणूस तिला एका माणसाला तिथे टाकून चल म्हणत होता. ती शांतपणे बोलली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मार्वाला निरोप पाठव. तिसरी बाटली दे म्हणावं. आणि मग मला दाखव, माणसं कुठे चुकतात."

थेनने खांद्याच्या पट्ट्याला अडकवलेलं नारिंगी यंत्र काढलं. फोन इथे चालत नसे, निरोप जायचा तो उपग्रहावरून, यंत्राच्या इवल्याशा बटणांनी एकेक अक्षर दाबत. तो दाबत बसला. मग सायकल उलटी वळवली आणि निघाला, या वेळी हळू.

दुभंगलेल्या ज्युनिपरपाशी तो उतरला. "इथे," तो म्हणाला. "इथे डावीकडे वर जायचं असतं. पण उजवीकडचा उतार सोपा दिसतो. सगळे इथेच उजवीकडे जातात."

"सगळे म्हणजे किती?"

तो उताराकडे बघत हेल्मेटचा पट्टा सैल करू लागला.

"थेन, सगळे म्हणजे किती?"

"यंदा तीन. हा चौथा, जर असेल तर."

तीन. ब्रीना तिथेच उभी राहिली. तिन्ही शोध तिला आठवत होते. थेन जिल्ह्याच्या शोधपथकात होता, व्हर्ल त्या पथकाचे प्रमुख, बॅरेट दोर सांभाळायचा. फेब्रुवारीत ओरेगॉनची बाई आणि तिचा मुलगा सापडले तेव्हा पेपरात पथकाचा फोटो आला होता, तो अजून व्हर्लच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता. त्या दिवशी तिने आठव्या महिन्याचं पोट घेऊन पथकासाठी वीस सँडविचेस केली होती, अंड्याची. थेन दमून आला, तिने त्याचे बूट काढले. काढले तिने. वाकता येत नव्हतं तरी.

"म्हणजे गेल्या शनिवारी पहिल्यांदा नव्हतंच."

"कुणीतरी परत रचतं. आम्ही परत काढतो."

"आणि मग तुम्हीच शोधायला येता."

"आलो नाही असं एकदाही झालं नाही," तो म्हणाला. आवाजात अजूनही थोडा अभिमान होता.

उतारावर तिनेच हाका मारायला सुरुवात केली. आर्लिस, आर्लिस. तिसऱ्या खळग्यानंतर कातळ एकदम वाकून खाली गेला होता, आणि त्या वाकाच्या टोकाशी सायकल आडवी पडली होती, पुढचं चाक हवेत. तिच्या पलीकडून, खालून, खोकल्यासारखा आवाज आला.

दोन पुरुष खोल, एका ओट्याएवढ्या कपारीवर म्हातारा पाठ टेकून बसला होता. डावा हात मांडीवर धरलेला, मनगट नको तिथे वळलेलं. ओठ पांढरे. कपारीपुढे काही नव्हतं. खाली दरीत झाडं बोटाएवढी दिसत होती.

"हलू नका," थेन म्हणाला आणि क्षणात त्याचं सगळं अंग बदललं. हे काम त्याला येत होतं. दोन बोटं रुंद भेगेत बुटाची कड रुतवत तो पोटावर सरकत खाली उतरला, त्याच्याकडे दोर नव्हता तरी. ब्रीनाने नजर वळवली नाही. तो पडला असता तर एडाला बाप उरला नसता, हे तिला लख्ख कळत होतं, आणि तरी तिच्या रागात तसूभर फरक पडला नाही. उलट वाढलाच. एवढं धाडस या माणसाच्या अंगात आहे, आणि सकाळी एक वाक्य बोलायला झालं नाही.

थेनने म्हाताऱ्याला पाणी पाजलं, मनगट स्वतःच्या बाहीने बांधलं, यंत्रावरून वडिलांना निरोप पाठवला. पथकाला यायला तास तरी लागणार होता. ब्रीना कड्यावर पालथी पडून खाली बघत बोलत राहिली, त्याला जागं ठेवायला.

"दोष माझाच," आर्लिस म्हणाला. पाणी पोटात गेल्यावर आवाज जरा उमटू लागला होता. "नेब्रास्कात अडतीस वर्षं रेल्वेचे सिग्नल सांभाळले मी, पोरी. पावसात, बर्फात. एक सिग्नल नजरेतून सुटला नाही. आणि आज अख्ख्या कातळावर एक लगोरी दिसेना. किती वेळ फिरलो. पुस्तकात लिहिलंय आहेत, तूही म्हणालीस आहेत. म्हणजे आहेतच. मलाच दिसत नाहीत."

थेन त्याच्या शेजारी बसून दरीकडे बघत होता.

"मुलगी गेलं वर्षभर म्हणतेय, पप्पा, तुमचं काहीतरी होतंय. चाव्या विसरता. ही सायकल विका. मी तिच्याशी भांडलो. आज संध्याकाळी फोन करून सांगतो, तुझं खरं होतं बाई. सायकल विक, गाडीही घेऊन जा." तो हसायला गेला, ओठ फाटला. "घाबरलो ते पडलो म्हणून नाही. डोकं गेलं म्हणून घाबरलो."

ब्रीनाने थेनकडे बघितलं. वरून तिला त्याचं हेल्मेट आणि मान दिसत होती. सांग, ती मनात म्हणत होती. आत्ता सांग, दुसरं कुणी नाहीये इथे. तुझ्या वडिलांसमोर सांगायला लागणार नाही. मान हलली नाही.

पथक आलं ते कातळावर चढणाऱ्या दोन मोटारबग्ग्यांमधून, खालच्या जीपच्या रस्त्याने वर चढत. व्हर्ल, बॅरेट आणि त्याचा भाऊ. म्हणजे गेल्या शनिवारचे सगळेच जमले होते. दोर बांधले, म्हाताऱ्याला पट्ट्यात बसवलं, अर्ध्या तासात वर घेतलं. काम देखणं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. व्हर्लने स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि गुडघ्यावर नोंदीची वही ठेवून बसले.

"आता बोला, भाऊ. चुकलात कसे?"

"नजर गेली माझी," आर्लिस म्हणाला. "लगोऱ्या दिसल्या नाहीत."

"होतं असं," व्हर्ल मायेने म्हणाले. "ही वाट सगळ्यांसाठी नाही. वय झालं की कबूल करावं माणसाने. त्यात लाज नाही." आणि लिहू लागले.

"ते लिहू नका, व्हर्ल," ब्रीना म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. "पोरी, तू दमलीस. गाडीत बस. बाळ वाट बघतंय."

"आर्लिस, तुमच्या नजरेला काही झालेलं नाही, आणि डोक्यालाही नाही. इथे लगोरी नव्हतीच. एकही नव्हती. गेल्या शनिवारी या लोकांनी पाडल्या. हे व्हर्ल, माझे सासरे. हा बॅरेट, हा त्याचा भाऊ. आणि हा थेन, माझा नवरा. तुम्ही सकाळी विचारलंत तेव्हा त्याला माहीत होतं. मी आहेत म्हणाले ते चुकून. तो गप्प बसला ते चुकून नाही."

बॅरेट दोर गुंडाळत होता, तो गुंडाळतच राहिला, संपला तरी.

"ब्रीना," व्हर्ल अगदी हळू म्हणाले, घरातल्या त्या आवाजात. "तुला या गावात मूल वाढवायचंय."

"हो. म्हणूनच."

आर्लिस एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिला वाटलं होतं तो चिडेल, शिव्या देईल. थेनला दिल्या असत्या तर तिला आवडलं असतं. पण तो म्हातारा आपल्या कामाचं बोलावं तसं बोलला.

"कुठून कुठपर्यंत काढल्या?"

"काय?" व्हर्ल म्हणाले.

"कुठून कुठपर्यंत. वाटेच्या तोंडाशी पाटी नव्हती. आमच्याकडे सिग्नल उतरवला तर तिथे झेंडी घेऊन माणूस उभा करतात. गाडी असो नसो, तो उभा राहतो. तुमचा माणूस कुठे होता?"

व्हर्लने वही बंद केली. सामान आवरायला सांगून ते बग्गीकडे गेले. जाताना थेनला म्हणाले, "तिला घेऊन ये." तिचं नाव घेतलं नाही.

"त्या कागदावर मी सांगेन ते लिहायचं," आर्लिसने मागून स्पष्ट सांगितलं. "नाहीतर सरकारी जमीन खात्याच्या माणसाला मी तोंडी सांगेन. मला सगळं आठवतंय." शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा स्वतःशी. बग्गी हलली तेव्हा त्याने चांगला हात वर करून ब्रीनाकडे बघितलं.

ती बग्गीत बसली नाही. एक वाजून गेला होता. अंगातला सायकलचा शर्ट दुधाने भिजला होता, मान उन्हाने सोलत होती, आणि उद्या रविवार, ऑक्टोबरातला, उद्या कुणीतरी येणारच. ती सायकल ढकलत वर दुभंगलेल्या ज्युनिपरपाशी गेली आणि फिकट बाजू वर आलेले दगड गोळा करू लागली. मोठा खाली, मग त्याहून लहान. तिसरा दगड बसेना. तिने तो दोन्ही हातांनी दाबला, जणू कुणाच्या तोंडात कोंबतेय. चारचा ढीग झाला तेव्हा ती पुढच्या जागेकडे निघाली, पावलं मोजत, पण शंभराव्या पावलावर दोन उतार होते आणि कुठला आपला ते तिला सांगता येत नव्हतं. जिथे तिथे थेनच्या मागच्या चाकाकडे बघत आली होती ती. स्वतःच्या या अडाणीपणाचाही तिला राग आला.

मागे बुटांचा आवाज आला. थेन होता. सायकल खांद्यावर, तोंड लालबुंद, रडला असेल किंवा चढला असेल. बग्गी त्याला न घेताच गेली होती, की त्यानेच जाऊ दिली होती, तिने विचारलं नाही.

"ब्रीना, मी..."

"मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. आज नाही, उद्याही बहुतेक नाही." तिच्या हातात एक दगड होता, जड. "फक्त जागा सांग."

तो सायकल खाली ठेवून तिच्या पुढे झाला, डावीकडच्या टेंगळावर चढला आणि एका जागी पाय रोवून उभा राहिला, झेंडीवाल्यासारखा नव्हे, शिक्षा झालेल्या मुलासारखा.

"इथे," तो म्हणाला. "इथून मागची दिसते."

तिने वळून बघितलं. दिसत होती. ती वर चढली, त्याला बाजूला सरकायला लावलं आणि दगड ठेवला.